धंदा करणाऱ्या ताई-दादांनो, इनबॉक्समध्ये शिरायच्या आधी एकदा विचारा

फेसबुक, इन्स्टा आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आपला माल विकणाऱ्या, आपलं काम देणाऱ्या माझ्या सगळ्या ताई-दादांना,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्यातलीच आहे हे आधी सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचा पगार अर्धा झाला तेव्हा डोंबिवलीतल्या आमच्या वन बीएचकेच्या किचनमधून मी भाजणी, मेतकूट, पुरणपोळ्या करून द्यायला लागले, आणि आता दिवाळीत दोन बायका हाताखाली घेऊन फराळ करते. दुकान नाही, बोर्ड नाही, एकूण एक गिऱ्हाईक फोनवरून आलेलं. त्यामुळे ऑनलाईन विकणं वाईट असं मी म्हणूच शकत नाही, घर त्याच्यावर चालतं माझं. पण ह्या वर्षी जूनमध्ये मी पहिल्यांदा पलीकडच्या बाजूला होते, गिऱ्हाईकाच्या, आणि ते पण नको त्या वेळेला, आणि तेव्हापासून जे डोक्यात फिरतंय ते आज बसून लिहून काढतेय. जरा लांबेल, पण वाचा प्लीज.

झालं असं की आई बाथरूममध्ये घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करावं लागलं. डिस्चार्ज मिळायच्या दोन दिवस आधी रात्री मी आमच्या एरियाच्या फेसबुक ग्रुपवर विचारलं की डोक्याकडून वर-खाली होणारा पलंग भाड्याने कुठे मिळेल. एवढंच. सकाळी बघते तर इनबॉक्समध्ये एकोणीस मेसेज! पलंगवाले त्यात चार होते, ते ठीकच आहे, मी तेच विचारलं होतं. पण बाकीचे? चोवीस तास बाई पुरवणारे ब्युरो, मेडिक्लेमचे एजंट (ऑपरेशन होऊन गेल्यावर), वृद्धाश्रम, वजन कमी करायची पावडर. आणि एकाने तर मेसेंजरवरून सरळ कॉलच केला, साडेसात वाजता, मी आईची पाठ पुसत होते, मला वाटलं डॉक्टर राऊंडला यायच्या आधी कुणी काही सांगतंय म्हणून ओल्या हातानेच उचलला, आणि पलीकडून "मॅडम एक मिनिट बोलू शकतो का, आमच्याकडे गुडघेदुखीवर तेल आहे". मी काहीच बोलले नाही, फोन ठेवला. त्याने अजून दोनदा केला.

ह्या सगळ्या गर्दीत एका फिजिओथेरपिस्ट मुलीची कमेंट होती. इनबॉक्समध्ये नव्हती ती, माझ्या पोस्टखालीच होती, सगळ्यांना दिसेल अशी. तिने लिहिलं होतं, "काकूंना लवकर बरं वाटू दे. पलंग माझ्याकडे नाही, पण सर्जिकल सामानाच्या दुकानात विचारा, ते भाड्याने देतात, डिपॉझिट घेतात. मी फिजिओ आहे, डोंबिवली पूर्वेला घरी येऊन व्यायाम करून घेते, एका व्हिजिटचे ६०० घेते. डॉक्टरांनी सांगितलं तर इथेच रिप्लाय करा, मी मेसेज करत नाही, आत्ता तुमची धावपळ असेल."

हॉस्पिटलच्या त्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून मी ती कमेंट तीन वेळा वाचली. घरी आल्यावर चौथ्या दिवशी तिला रिप्लाय केला, ती दोन महिने येत होती, आई आता वॉकर सोडून काठीवर आलीये आणि आमच्याच बिल्डिंगमधल्या अजून दोन घरी ती जायला लागलीये. त्या एकोणीस जणांपैकी एका पलंगवाल्याशिवाय बाकी कुणाचं नावसुद्धा मला आठवत नाही.

मला वाटतं तिने काय केलं ते नीट बघायला हवं, कारण ती पण धंदाच करत होती, काही समाजसेवा नव्हे. मी जिथे विचारलं तिथेच ती बोलली. मला लागणारी गोष्ट तिच्याकडे नव्हती तर ती कुठे मिळेल ते सांगितलं. स्वतः कोण, कुठे, काय घेते, सगळं एका दमात सांगून टाकलं, "प्राईस इनबॉक्स" वगैरे काही नाही. आणि मग मागे सरकली, पुढचं पाऊल माझं ठेवलं.

माझी आजी वाईला राहायची, तिच्याकडे बांगड्या भरायला एक कासारकाका यायचे. सुट्टीत मी तिथे असायचे म्हणून मला चांगलं आठवतंय. ते कधी घरात घुसले नाहीत, ओट्यापाशी उभं राहून "बांगड्या भरायच्यात का वहिनी?" एवढीच हाक, आतून आवाज आला तर खांद्यावरचं ओझं उतरवायचे नाहीतर पुढच्या दाराला. आणि आजोबा गेले त्या वर्षी ते आमच्या गल्लीत आलेले मी स्वतः खिडकीतून पाहिले, आमच्या दाराशी त्यांनी हाक मारली नाही, मान खाली घालून निघून गेले. कुणाच्या घरी सुतक आहे, कुणाकडे डोहाळजेवण आहे हे त्या माणसाला माहीत असायचं, आणि कुठे हाक मारायची, कुठे नाही हे त्याच्या धंद्याचाच भाग होतं. आज आपल्याला तर समोरच्याची अख्खी वॉल दिसते हो! कुणाकडे बाळ झालंय, कुणाचे वडील गेलेत, सगळं कळतं. आणि आपण करतो काय, तर श्रद्धांजलीच्या पोस्टखाली टर्म इन्शुरन्सची लिंक टाकतो. मी पाहिलंय हे, एकदा नाही, चार-पाचदा पाहिलंय, आणि प्रत्येक वेळी पोटात कालवलंय.

आता बिझनेस कोच सांगतात की लाजू नका, रोज दहा नवीन लोकांना मेसेज करा, फॉलोअप सोडू नका, भीड ही भिकेची बहीण. मी पण असं एक ऑनलाईन सेशन पैसे भरून केलं होतं. आपली लाज सोडा हे बरोबर आहे, मीच पहिले तीन महिने मेतकुटाचे पैसे मागायला लाजायचे. पण त्या म्हणीत आपली स्वतःची भीड आहे. समोरच्याच्या भिडेचा फायदा घ्या असं ती म्हण कुठे सांगते? आपली मराठी माणसं भिडस्त, "नको" म्हणणं जीवावर येतं, त्यातून शाळेतली मैत्रीण, नणंदेची जाऊ, सोसायटीतल्या सेक्रेटरींची बायको असली तर झालंच. पंधरा वर्षांनी मेसेज येतो, "अगं कशी आहेस, फोटो बघितले, किती छान दिसतेस", आपल्याला बरं वाटतं, दोन दिवस गप्पा होतात आणि तिसऱ्या दिवशी हेल्थ ड्रिंकचा डबा निघतो. आपण भिडेपोटी घेतो. तो डबा ओट्यावर पडून राहतो आणि मैत्रीण पुन्हा मेसेज करते तेव्हा आपण उघडतच नाही. विकणारीला साडेतीन हजार मिळाले असतील, पण तिने मैत्रीण घालवली, आणि दुसरं गिऱ्हाईक काही तिला माझ्याकडून मिळालं नाही.

ह्यावर नियम आहे हे बऱ्याच जणांना माहीतच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने डायरेक्ट सेलिंगचे, म्हणजे दुकानाशिवाय माणसांकरवी थेट गिऱ्हाईकाला माल विकणाऱ्या कंपन्यांसाठी, नियम काढले, त्यात स्पष्ट लिहिलंय की बोलायला सुरुवात करतानाच विक्रेत्याने आपण कोण, कुठल्या कंपनीचे, काय विकतोय आणि कशासाठी आलोय हे खरं खरं सांगायचं, आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय, ओळखपत्राशिवाय कुणाच्या घरी जायचं नाही. सुरुवातीलाच, हं! गप्पा मारून तिसऱ्या दिवशी नव्हे. हे नियम डायरेक्ट सेलिंगवाल्यांसाठी आहेत, माझ्यासारख्या फराळवालीला ते थेट लागू होत नाहीत, पण त्यातली ही एक ओळ मी माझ्यापुरती घेतली आहे. नवीन माणसाला पहिला मेसेज करायचाच असेल तर पहिल्याच वाक्यात नाव, गाव, काय करते, आणि एफएसएसएआयचा, म्हणजे खाण्याचे पदार्थ विकायच्या परवान्याचा, चौदा आकडी नंबर. फ्लॅट विकणाऱ्यांनी पण हे ध्यानात घ्या, १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने (बिल्डरांवर लक्ष ठेवणारं राज्याचं प्राधिकरण) जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केलाय, रजिस्ट्रेशन नंबर तर त्याआधीपासूनच लागतो, आणि तरी माझ्या भाच्याला रोज "प्री-लॉन्च ऑफर, फक्त आजच" असे मेसेज येतात ज्यात बिल्डरचं नाव पण नसतं.

ओळख द्या म्हणते त्याला अजून एक कारण आहे. आज फसवणारे पण ह्याच दाराने येतात. अनोळखी नंबरवरून गोड मेसेज, मग ग्रुपमध्ये अ‍ॅड, मग शेअर मार्केटच्या टिप्स, मग लाखांचा चुना. सायबर पोलिसांचा १९३० नंबर लोकांनी फ्रिजवर लिहून ठेवलाय अशी वेळ आहे. आई-बाबांना आपणच बजावतो ना की अनोळखी मेसेजला उत्तर देऊ नका? मग आपणच कुणाच्या तरी आई-बाबांना अनोळखी नंबरवरून "हाय मॅम" पाठवलं तर त्यांनी आपल्याला कशावरून ओळखायचं?

आता माझी चूक सांगते, ती सांगितल्याशिवाय हे पत्र लिहायचा मला हक्क नाही. २०२० च्या दिवाळीत मी व्हॉट्सअ‍ॅपवर "घरगुती फराळ" नावाचा ग्रुप काढला आणि फोनमधले होते नव्हते ते सगळे त्यात टाकले, एकशे ऐंशीच्या आसपास. मुलीच्या शाळेतल्या आया, माहेरचे, गॅसवाला, मिस्टरांच्या ऑफिसमधले, सगळे. दोन मिनिटांत स्क्रीनवर "लेफ्ट", "लेफ्ट", "लेफ्ट" सुरू झालं. तेव्हा मला त्या लोकांचाच राग आला होता, वाटलं की एवढी अडचणीत आहे मी आणि ह्यांना चकलीचा एक फोटो सहन होत नाही. रात्री माझ्या शाळेतल्या बाईंचा फोन आला. त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या, "तुझ्या चकल्या मी घेणारच गं, पण माझा नंबर तू एवढ्या लोकांना दाखवलास, तो मी तुला दिला होता, त्यांना नाही."

मला तेव्हा ते पूर्ण कळलं नाही. कळलं दोन आठवड्यांनी. त्या ग्रुपमध्ये माझी एक लांबची वहिनी होती, एकटी राहते, तिला अनोळखी माणसाचे रात्री मेसेज यायला लागले, डीपीचं कौतुक, मग घाण घाण. नंबर कुठून मिळाला तर माझ्या ग्रुपमधून, कुणीतरी लिस्ट उचलली होती. तिने मला एका शब्दाने बोल लावला नाही, नुसता नंबर बदलला. बँकेत, आधारला, गॅसला, सगळीकडे बदलत बसली बिचारी. मी ग्रुप त्याच दिवशी डिलीट केला पण झालं ते झालं. व्हॉट्सअ‍ॅपने २०१९ मध्येच सेटिंग आणली होती की आपल्याला ग्रुपमध्ये कोण अ‍ॅड करू शकतं ते आपण ठरवायचं, पण किती जणींना ती माहीत असते? आणि सेटिंग लावलेली नाही म्हणजे परवानगी दिली असं नसतं ना हो. दाराला कडी नाही म्हणून कुणी आत येऊन बसत नाही.

ह्यावर आता कायदा पण आलाय. २०२३ चा डिजिटल पर्सनल डेटाचा कायदा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि टप्प्याटप्प्याने लागू होतायत. त्यातला संमतीचा भाग मला फार पटला. संमती मोकळेपणाने दिलेली हवी, ठराविक कामासाठी हवी, आणि ती परत घेणं हे देण्याइतकंच सोपं हवं. म्हणजे कुणी मला पत्ता दिला तो पुरणपोळ्या पोचवायला, नवऱ्याच्या मित्राच्या एसी सर्व्हिसिंगची जाहिरात पाठवायला नव्हे. फोन आणि एसएमएससाठी ट्रायची डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे कॉल-मेसेज बंद करायची सोय, तरी आहे, १९०९ वर नोंदवता येतं. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाच्या मेसेजला ती लागू नाही, तिथे गिऱ्हाईकाच्या हातात ब्लॉक आणि रिपोर्ट एवढंच आहे, आणि ते लोक वापरतात. माझी साड्यावाली मैत्रीण, तिने पाडव्याच्या आधी एका दिवसात शेकडो अनोळखी नंबरांना येवल्याच्या पैठणीचे फोटो पाठवले, लोकांनी रिपोर्ट केलं आणि तिचा बिझनेस नंबरच बंद झाला. चार वर्षांची गिऱ्हाईकं त्या एका नंबरवर होती.

अजून एक गोष्ट आहे ती मला सगळ्यात जास्त लागते. एखादी ताई छान इरकलीचा फोटो टाकते, खाली वीस-पंचवीस जणी "प्राईस?" "डिटेल्स प्लीज" लिहितात, आणि दुसरी कुणीतरी येऊन त्या प्रत्येकीला इनबॉक्स करते, "सेम पीस माझ्याकडे २०० ने कमी". तुळशीबागेत आपण दुसऱ्याच्या दुकानासमोर उभं राहून त्याचं गिऱ्हाईक हाताला धरून ओढलं असतं का? मग इथे का? पहिल्या ताईने फोटो काढायला, रिप्लाय करायला अख्खी दुपार घातलेली असते. आणि ज्या बाईला असा मेसेज येतो तिला वाटतं आपण कमेंट केली हीच चूक झाली, ती पुढच्या वेळी कुणालाच विचारत नाही. नुकसान सगळ्यांचंच. तसंच टॅगिंगचं, साडीच्या एका फोटोला चाळीस जणींना टॅग केलं की तो फोटो त्यांच्या नावाला चिकटतो, त्यांच्या ओळखीच्यांना वाटतं ह्याच विकतायत. ज्यांनी तुमच्याकडून घेतलंय आणि ज्यांनी स्वतः "मला टॅग कर" म्हटलंय त्यांनाच करा ना.

किमतीचं पण एकदा बोलूया. लपवायची कारणं मला माहीत आहेत, बाजूची रेट तोडते, कमेंट वाढल्या की पोस्ट वर राहते. पण ज्या बाईकडे आठशेचं बजेट आहे तिला इनबॉक्समध्ये बोलावून साडेतीन हजार सांगितले की ती ओशाळते, "बघून सांगते" म्हणते आणि परत येत नाही. मी मागच्या दिवाळीपासून रेटकार्ड पोस्टवरच टाकते, चकली इतके, करंजी इतके, डिलिव्हरी वेगळी. चौकशा थोड्या कमी झाल्या, ऑर्डरी कमी झाल्या नाहीत.

मी आता काय करते तेही सांगते, तुम्हाला ह्याहून बरं काही सुचलं तर मलाही सांगा. ग्रुप बंद, ब्रॉडकास्ट लिस्ट. ब्रॉडकास्टचा फायदा असा की आपला नंबर ज्याने सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो आणि कुणाला कुणाचा नंबर दिसत नाही. डबा देताना त्यावर चिठ्ठी असते, "पुढच्या वेळी कळवायला हवं असेल तर माझा नंबर सेव्ह करून 'हो' पाठवा". हो आला तर लिस्टमध्ये, नाही आला तर नाही. वर्षातून चार मेसेज, पाडवा, श्रावण, गणपती, दिवाळी, सकाळी दहा ते संध्याकाळी सात ह्याच वेळेत, आणि प्रत्येक मेसेजच्या शेवटी "नको असेल तर 'नको' लिहा, राग नाही". कुणी विचारून गप्प झालं तर एकदाच विचारते, "करू का ऑर्डर पक्की?", दुसऱ्यांदा नाही. निळ्या टिक दिसल्या तरी नाही. आणि लिस्टमधल्या कुणाच्या घरी काही वाईट झाल्याचं कळलं तर ते नाव त्या सीझनला बाजूला काढते. हे हाताने करावं लागतं, वहीत लिहून ठेवते.

जुन्या नंबरांना मी सगळ्यांना एक एक करून विचारलं होतं, दोनशे बारा जणांना, आठ दिवस लागले. चौऱ्याण्णव जणांनी हो पाठवलं. बघून आधी छातीत धस्स झालं, एवढेच? पण त्या वर्षीची दिवाळी आधीच्या वर्षीपेक्षा मोठी झाली, कारण ते चौऱ्याण्णव जण मेसेज उघडून वाचत होते. माझ्या शाळेतल्या त्या बाईंनी सगळ्यात आधी हो पाठवलं होतं. दीड किलो चकली घेतात दर वर्षी, तिखट कमी.

दिवाळीला अजून पाच आठवडे आहेत, सगळ्यांचे मेसेज आता सुरूच होतील. तुमच्या लिस्टमध्ये, ग्रुपमध्ये जे आहेत त्यांना पहिला फोटो पाठवायच्या आधी एकदा विचारून घ्या, जमलं तर ह्याच आठवड्यात. आणि ज्यांच्या कुणाच्या इनबॉक्समध्ये मी कधी न विचारता आले असेन त्यांची मी इथेच माफी मागते, मनापासून.

तुमचीच,
डोंबिवलीची एक फराळवाली